प्रोस्टेटचा एमआरआय रात्रपाळीतही होऊ शकतो

प्रति,
मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन
तसेच मराठवाड्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता व रेडिओलॉजी विभागप्रमुख

विषय: प्रोस्टेट कॅन्सरच्या संशयात पहिला एमआरआय इंजेक्शनशिवाय करण्याबाबत

महोदय,

मी मराठवाड्यात एमआरआय मशीनवर तंत्रज्ञ म्हणून काम करतो. डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाला कॅन्सर आहे की नाही हे सांगण्याचा अधिकार मला नाही आणि या पत्रात तो मी घेणारही नाही. पण काचेच्या अलीकडे कन्सोलवर बसून रोज जे दिसतं ते मंत्रालयातून दिसत नाही. खरं सांगायचं तर अधिष्ठात्यांच्या केबिनमधूनही फारसं दिसत नाही. म्हणून हे लिहितोय.

मागणी एकच आहे. प्रोस्टेट कॅन्सरचा संशय आहे पण अजून बायॉप्सी (सुईने तुकडा काढून तपासणं) झालेली नाही, अशा रुग्णाचा पहिला एमआरआय कॉन्ट्रास्टच्या, म्हणजे चित्रात फरक उठून दिसावा म्हणून शिरेतून देतात त्या औषधाच्या, इंजेक्शनशिवाय करावा, असा नियम आपल्या रुग्णालयांत करा. आणि इंजेक्शन वगळून जो वेळ वाचेल तो सगळाच्या सगळा रांग कमी करण्यात घालवू नका. त्यातला काही वेळ उरलेल्या तपासणीचा दर्जा राखायला द्या. यातली दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, आणि परिपत्रक निघताना नेमकी तीच गळून पडेल अशी मला धास्ती आहे.

आज काय होतं ते आधी सांगतो. साठी-सत्तरीतला माणूस लघवीच्या त्रासासाठी येतो. रक्ताच्या तपासणीत पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन, वाढलेला निघतो, सर्जन चिठ्ठीवर ‘एमआरआय प्रोस्टेट विथ कॉन्ट्रास्ट’ लिहितात. तारीख मिळते. त्या दिवशी सेनगावहून किंवा मुखेडहून पहाटेच्या एसटीने मामा येतात, सोबत लेक किंवा पुतण्या. मग आम्ही विचारतो, क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतंय का ते सांगणारी रक्ताची तपासणी) केलंय का? केलेलं नसतं, किंवा दोन महिन्यांपूर्वीचं असतं. नवीन रिपोर्ट दुपारी येतो. तोवर कॉन्ट्रास्टची बाटली नसल्याचं कळतं आणि ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी हातात पडते. साठ किलोच्या माणसाला कॉन्ट्रास्टच्या नेहमीच्या गॅडोलिनियम औषधाचा डोस साधारण 12 मिली बसतो. दहा मिलीची बाटली आणली तर पुन्हा मेडिकलवर पळापळ. एवढं सगळं जमेपर्यंत इंजेक्शन देताना हजर राहायला हवेत ते डॉक्टर दुसऱ्या कामात अडकलेले असतात. मामांना पुढची तारीख मिळते.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट क्रिएटिनिनची आहे. प्रोस्टेट वाढून लघवी अडली की त्याचा दाब वर मूत्रपिंडापर्यंत जातो आणि क्रिएटिनिन चढतं. म्हणजे ज्यांची ग्रंथी जास्त त्रास देते, त्यांचाच एमआरआय इंजेक्शनपायी अडकण्याची शक्यता जास्त. आजच्या सुधारित गॅडोलिनियम औषधांनी मूत्रपिंडाच्या रुग्णालाही होणारा धोका फार कमी असतो, हे मला माहीत आहे. पण रात्री-अपरात्री एकट्या निवासी डॉक्टरने तो निर्णय घ्यावा अशी अपेक्षा कुणी करू नये. तो घेतही नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

आता दोन पद्धतींकडे येतो. इंजेक्शनवाल्या तपासणीला मल्टिपॅरामेट्रिक म्हणतात. तिचे तीन भाग असतात. पहिला टी-टू: यात ग्रंथीची रचना दिसते, बाहेरचा भाग आणि आतला भाग वेगळा कळतो, गाठ कवचाला भिडली आहे का ते पाहता येतं. दुसरा डिफ्युजन: पेशींच्या मधल्या जागेत पाण्याचे रेणू किती मोकळे फिरतात हे त्यात मोजलं जातं. आठवडी बाजार ऐन भरात असताना माणूस जसा जागच्या जागी ठेचकाळतो, तसं दाटीवाटीने वाढलेल्या कॅन्सरच्या पेशींमध्ये पाणी अडखळतं, आणि तेवढी जागा एका चित्रात उजळ तर एडीसी नावाच्या दुसऱ्या चित्रात काळी दिसते. तिसरा भाग कॉन्ट्रास्टचा. हातातल्या शिरेतून गॅडोलिनियम सोडायचं, ते ग्रंथीत कुठे लवकर शिरतं ते काही सेकंदांच्या अंतराने टिपत राहायचं.

इंजेक्शनशिवायच्या, म्हणजे बायपॅरामेट्रिक तपासणीत फक्त पहिले दोन भाग असतात. संपूर्ण तपासणीला 30 ते 40 मिनिटं लागतात, हिला 15 ते 20.

तिसरा भाग काढला तर नेमकं काय गमावतो? रेडिओलॉजिस्ट ज्या पाय-रॅड्स पद्धतीने कॅन्सरच्या संशयाला एक ते पाच गुण देतात (गुण जास्त तर संशय जास्त), तिची 2019 ची आवृत्ती पाहिली तर उत्तर तिथेच आहे. ग्रंथीच्या बाहेरच्या भागात गुण ठरवण्याचा मान डिफ्युजनला, आतल्या भागात टी-टूला. कॉन्ट्रास्टला एकच काम उरलंय: बाहेरच्या भागातली गाठ तीनवर अडली आणि कॉन्ट्रास्टमध्ये लवकर उजळली तर तिला चार करायचं. एवढ्याशा कामासाठी आपण क्रिएटिनिन, बाटली, सुई आणि डॉक्टरची हजेरी एवढं सगळं मांडून बसतो.

हा निव्वळ माझा हिशेब नाही. ‘प्राइम’ या अभ्यासाचे निष्कर्ष 2025 मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आले. 12 देशांतली 22 रुग्णालयं, 490 पुरुष, कुणाचीही आधी बायॉप्सी झालेली नव्हती. प्रत्येकाची संपूर्ण तपासणी केली. पण रेडिओलॉजिस्टना आधी फक्त दोन भाग दाखवून रिपोर्ट लिहून घेतला, आणि त्यानंतरच कॉन्ट्रास्टची चित्रं उघडली. उपचाराची गरज पडावी असा कॅन्सर दोन भागांवर 143 जणांत सापडला, तिन्ही भागांवर 145 जणांत. टक्क्यांत 29.2 आणि 29.6. त्याच माणसाची, त्याच मशीनवरची तपासणी असल्यामुळे ही तुलना मला पटते. दोन वेगवेगळ्या गटांचे आकडे शेजारी ठेवले असते तर इतकी पटली नसती.

मात्र या आकड्यांच्या मागे एक अट आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. त्या रुग्णालयांच्या मशीनवरची चित्रं अभ्यास सुरू होण्याआधी तपासून घेतली होती. दर्जा जमल्यावरच रुग्ण घेतले. आपल्याकडे ‘कॉन्ट्रास्ट बंद’ एवढीच ओळ खाली आली तर काय होईल ते मी आजच सांगू शकतो. प्रोस्टेटच्या नावाखाली साधा पेल्व्हिस काढला जाईल. पाच-सहा मिलिमीटरचे जाड काप, अख्खं ओटीपोट एका चौकटीत, डिफ्युजन मशीनमध्ये कंपनीने भरून दिलं असेल तसं. तो बायपॅरामेट्रिक एमआरआय नव्हे. प्रोस्टेटसाठी टी-टूचे काप तीन मिलिमीटरचे हवेत, चौकट ग्रंथीपुरती लहान हवी, आणि डिफ्युजनमध्ये बी-व्हॅल्यू, म्हणजे पाण्याची हालचाल किती जोरकसपणे टिपायची त्याचा आकडा, किमान 1400 पर्यंत जायला हवी. आठशेवर थांबलं तर निरोगी भागही बराच उजळ राहतो आणि गाठ त्यात मिसळून जाते. तीन पाय होते तेव्हा एक लंगडा असला तरी निभावून जायचं, आता दोन्ही धड हवेत.

डिफ्युजन बिघडवणारी सर्वांत मोठी गोष्ट कुठली, तर गुदाशयातला गॅस. प्रोस्टेट अगदी त्याला चिकटून असते. हवा आणि मांस जिथे भेटतात तिथे चित्र ताणलं जातं, आणि बाहेरचा भाग, जिथे बहुतेक कॅन्सर असतात, तोच वेडावाकडा दिसतो. यावरचा उपाय फुकटचा आहे: रुग्णाने तपासणीआधी शौचाला जाऊन यावं. पण पहाटे चारला घर सोडलेला माणूस कुठे जाणार? बसस्थानकावर सोय नसते किंवा असून जाववत नाही, आमच्या विभागाबाहेरच्या शौचालयाला बऱ्याचदा कुलूप असतं. मामा संकोचाने काही बोलत नाहीत. मी हल्ली टेबलावर घेण्याआधी सरळ विचारतो, ‘मामा, सकाळी पोट साफ झालं का?’ दहापैकी निम्मे हसून मान हलवतात, नाही म्हणून. त्यांना दहा मिनिटं देतो. तेवढ्यात बाहेरचे नातेवाईक ओरडतात की नंबर लावून ठेवता आणि मशीन रिकामं का. वाचवलेल्या वेळातला काही वेळ दर्जाला द्या म्हणतो तो यासाठी. कुलूपही काढा.

आणखी एक आमच्याकडची गंमत. मशीनच्या खोलीत लोखंड चालत नाही हे सगळ्यांना सांगतो. घड्याळ, चुन्याची डबी, नाणी बाहेर निघतात. पण करदोड्याला बांधलेली पेटीची किल्ली राहून जाते, कारण ती मामांच्या लेखी अंगाचाच भाग असते. ती नेमकी प्रोस्टेटच्या समोर लोंबत असते. मशीनच्या तोंडाशी ओढली गेली तर इजा होईल आणि आत राहिलीच तर चित्रात मोठं काळं भगदाड. मी करदोडा हाताने चाचपल्याशिवाय कुणाला आत सोडत नाही.

हे सगळं 1.5 टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) मशीनवर होतं का, असा प्रश्न येईल. होतं. ब्रिटनमधला ‘प्रॉमिस’ हा अभ्यास 2017 मध्ये लॅन्सेटमध्ये आला, त्यातले 576 पुरुष 1.5 टेस्लावरच तपासले होते. घातक कॅन्सर ओळखण्यात एमआरआयची संवेदनशीलता, म्हणजे असलेल्या कॅन्सरपैकी किती पकडले ते प्रमाण, 93 टक्के निघाली, आणि सोनोग्राफीखाली ठरावीक जागी सुया मारून केलेल्या नेहमीच्या बायॉप्सीची 48. म्हणजे आपण ज्या बायॉप्सीला शेवटचा शब्द मानत आलो, ती निम्मे घातक कॅन्सर चुकवत होती. याच अभ्यासात एमआरआयने पुष्कळ निरोगी लोकांवरही बोट ठेवलं होतं, हेही सांगितलं पाहिजे. बायॉप्सी त्याने रद्द होत नाही. कुणाची करायची आणि सुई कुठे घालायची, हे ठरतं. त्यामुळे 3 टेस्ला येईल तेव्हा बघू, ही चालढकल नको.

त्यावरून आठवलं: क्रम. एमआरआय बायॉप्सीच्या आधी झाला पाहिजे. आमच्याकडे अजूनही सुया मारून झाल्यावर पंधरवड्याने रुग्ण येतो. ग्रंथीत रक्त साकळलेलं असतं, ते गाठीसारखं दिसतं किंवा गाठ झाकतं, आणि सहा-आठ आठवडे थांबायला सांगावं लागतं. दिवाळीनंतर ज्या घरातली माणसं ऊसतोडीला कारखान्यांवर जातात, त्या घरातल्या म्हाताऱ्याला सहा आठवड्यांनी पुन्हा आणायचं कुणी? बीड जिल्ह्यातल्या अशा रुग्णाला ‘नंतर या’ म्हणणं म्हणजे बऱ्याचदा येऊ नका म्हणणं असतं.

पत्राच्या शीर्षकातली रात्रपाळी आता सांगतो. प्रोस्टेटचे रुग्ण आमच्या रोजच्या यादीत थोडे असतात. यादी भरते ती मेंदू आणि मणक्यांनी. त्यामुळे प्रत्येकी वीस मिनिटं वाचवून रांग फार घटेल असं मी म्हणणार नाही. खरा फायदा वेगळाच आहे. इंजेक्शन द्यायचं तर डॉक्टर हवा, रिॲक्शनची औषधं हाताशी हवीत, म्हणून कॉन्ट्रास्टचं काम दिवसा, डॉक्टर असतील त्या वेळेत. इंजेक्शन नसेल तर हे काम संध्याकाळी सातला, रात्री दहालाही प्रशिक्षित तंत्रज्ञ करू शकतो. जेवढी मशीन रात्री इमर्जन्सीची वाट बघत रिकामी बसतात, तेवढ्या जागा आपोआप मोकळ्या होतात. दुपारी ओपीडीत आलेल्या परगावच्या माणसाची शेवटची एसटी तशीही गेलेली असते, तो व्हरांड्यातच झोपणार असतो. त्याच रात्री त्याचा एमआरआय करा, सकाळी रिपोर्ट वाचला जाऊ दे.

इंजेक्शन कुणाला लागणारच? खुब्याचा सांधा बदललेला असेल तर धातूमुळे डिफ्युजन खराब होतं, तिथे कॉन्ट्रास्टचा आधार हवा. उपचार होऊन पुन्हा पीएसए चढू लागलाय, तिथेही हवा. दोन भागांची चित्रं काही केल्या नीट आली नाहीत, तर हवा. हा निर्णय रेडिओलॉजिस्टचा, आणि अशा रुग्णाला त्याच दिवशी थांबवून घेण्याची सोय असावी. उलट काहींना निदानासाठी एमआरआयच नको. पीएसए शेकड्यांत गेलाय, बोटाने तपासताना ग्रंथी दगडासारखी लागते, हाडं दुखताहेत, अशांना एमआरआयच्या तारखेसाठी ताटकळत ठेवण्यात काहीच हशील नाही.

असे रुग्ण आमच्याकडे कसे येतात तेही सांगतो. चिठ्ठीवर कंबरदुखी लिहिलेलं असतं. मणक्याचा पहिला टी-वन सिक्वेन्स (चरबी उजळ दाखवणारी चित्रं) पडद्यावर येतो. मणक्याच्या हाडात चरबी असते, म्हणून त्यात मणके उजळ दिसायला हवेत. इथे एकामागून एक मणक्यात काळे डाग. सत्तरीचा माणूस, रात्री चार-पाचदा लघवीला उठतो, पीएसए कधी केलेला नाही. मुलगा कंट्रोल रूमच्या दारात उभा राहून विचारतो, ‘गादी सरकली असंल ना साहेब?’ मी म्हणतो, डॉक्टर रिपोर्ट देतील. दुसरं काही म्हणायची मला परवानगी नाही.

बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांत 1987 पासून कॅन्सरची नोंद ठेवली जाते. ग्रामीण भागातला देशातला हा जुना आणि नावाजलेला उपक्रम. गावाकडच्या अशा नोंदींत प्रोस्टेटचा कॅन्सर मोठ्या शहरांच्या मानाने कमी दिसतो, आणि बैठकीत कुणीतरी त्यावरून म्हणतं की हा आपल्याकडचा आजार नाही. काही अंशी तो खरंच कमी असेलही. पण पीएसएच होत नसेल, तर नोंदीत तो येणार तरी कुठून? सरसकट सगळ्या म्हाताऱ्यांचा पीएसए करा असं मी म्हणत नाही. तसं केलं तर निरुपद्रवी गाठी शोधून लोकांना नाहक ऑपरेशनला पाठवलं जाईल. त्रास घेऊन दारात आलेल्या माणसाची बोळवण करू नका, एवढंच.

रिपोर्टबद्दल थोडं स्पष्ट लिहितो, रागावू नका. कॉन्ट्रास्ट नसेल तर वाचणाऱ्याची नजर जास्त तयार हवी. नाहीतर प्रत्येक शंकास्पद ठिपक्याला तीन गुण देऊन हात झटकले जातात. आपल्या महाविद्यालयांत निवासी डॉक्टर बदलत राहतात. मेंदू-मणका वाचून हात बसतो, प्रोस्टेट महिन्यात मोजक्याच येतात. आठही जिल्ह्यांतल्या प्रोस्टेटच्या फाइली वाचायला दोन-तीन अनुभवी रेडिओलॉजिस्टांचा एक गट केला, तर त्यांच्या हातून पुरेशा केसेस जातील. चित्रं नेटवरून पाठवता येतात, माणसांना पाठवायची गरज नाही. फिल्मवर छापून दिलेली प्रोस्टेट मात्र कुणाच्याच कामाची नसते. सर्जनला नेमक्या जागी सुई घालायची तर सीडी किंवा सर्व्हरवरची चित्रं हवीत. एमआरआयचं चित्र सोनोग्राफीवर बसवून दाखवणारं महागडं फ्यूजन यंत्र नसलं तरी चालतं. 2018 च्या ‘प्रिसिजन’ अभ्यासात एमआरआय डोळ्यांसमोर ठेवून सोनोग्राफीखाली नेम धरण्याचीही मुभा होती. त्यात एमआरआयच्या वाटेने गेलेल्यांत महत्त्वाचा कॅन्सर 38 टक्क्यांत सापडला, नेहमीच्या बायॉप्सीवाल्यांत 26 टक्क्यांत. शिवाय 28 टक्के लोकांची बायॉप्सीच टळली.

आणि सर्जन मंडळींना हात जोडून: चिठ्ठीवर पीएसएचा आकडा लिहा. ‘संशयित सीए (कॅन्सर) प्रोस्टेट’ एवढ्यावर आम्ही आणि रेडिओलॉजिस्ट दोघेही अंधारात असतो. पीएसए 6 असलेल्या माणसाची ग्रंथी 60 मिलीची असेल तर घनता, म्हणजे पीएसए भागिले ग्रंथीचं माप, 0.10 येते, 30 मिलीची असेल तर 0.20. बहुतेक ठिकाणी 0.15 ही रेषा धरतात. म्हणजे पीएसएचा आकडा एकच आणि गुणही तीनच असलेल्या दोन मामांपैकी लहान ग्रंथीवाल्याला बायॉप्सी लागेल आणि मोठ्या ग्रंथीवाल्याला कदाचित लक्ष ठेवून थांबता येईल. रिपोर्टमध्ये ग्रंथीचं माप, घनता, पाय-रॅड्सचे गुण, गाठीची जागा आणि चित्रांचा दर्जा, हे पाच रकाने भरल्याशिवाय तो सहीला जाऊ नये.

पैशांचं दोन ओळींत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं पॅकेज साधारणपणे भरती आणि उपचार ठरल्यावर उपयोगी पडतं. निदानाच्या आधीची बाटली खिशातूनच येते. ती बाटलीच लागली नाही तर त्या घराचे तेवढे वाचतात. खासगी केंद्रं ही पद्धत उत्साहाने का उचलणार नाहीत हे मी वेगळं सांगायला नको, आणि म्हणूनच सुरुवात शासकीय रुग्णालयाने करायला हवी.

परिपत्रक काढाल तेव्हा त्यात तीन मिलिमीटर आणि 1400 हे दोन आकडे लिहा, म्हणजे पळवाट राहणार नाही. प्रत्येक मशीनवरच्या पहिल्या काही तपासण्या बाहेरच्या तज्ज्ञाकडून पाहून घ्या आणि ज्या मशीनचा दर्जा जमत नाही तिथे नियम लागू करण्याआधी प्रोटोकॉल (तपासणीची ठरवून दिलेली मापं आणि क्रम) दुरुस्त करा. इंजिनिअरला बोलावून हे काम अर्ध्या दिवसात होतं. पहिले सहा महिने प्रत्येक महाविद्यालयाने नोंद ठेवावी: चिठ्ठीपासून एमआरआयपर्यंत किती दिवस गेले, कितीजणांना परत यावं लागलं, कितीजणांना शेवटी कॉन्ट्रास्ट द्यावाच लागला, आणि बायॉप्सीत काय निघालं. बायॉप्सीचा निकाल आमच्या विभागाकडे परत यावा ही विनंती खास. आज तो येत नाही, त्यामुळे रिपोर्ट बरोबर होता की चूक, हे लिहिणाऱ्यालाही कधी कळत नाही.

आमच्या मशीनसाठीचा प्रोटोकॉल मी कागदावर मांडून ठेवला आहे. विभागप्रमुखांनी मागितला तर देतो. त्यात सुधारणा सुचवल्या तर आनंदच आहे.

आपला विश्वासू,
एक एमआरआय तंत्रज्ञ, मराठवाडा